चमकोऱ्याचं पाणी

मे महिन्याच्या अकोल्यात झाडंही जीव मुठीत धरून उभी असतात, आणि गोदाबाईच्या अंगणात मात्र चमकोरा डोलत होता. चमकोरा म्हणजे अळू. पण अळू म्हटलं तर वऱ्हाडातली भाजीवाली तोंडाकडे बघत राहील, म्हणून आपणही चमकोराच म्हणू. सुपाएवढी पानं, जांभळट देठ आणि कोवळ्या पोपटी कडा. भिंतीच्या कडेला चार हात जागेत त्याने असं बस्तान मांडलं होतं की रस्त्याने जाणारी बाई फाटकाशी थांबल्याशिवाय पुढे जात नसे.

कौतुक वाटण्यासारखंच होतं ते. त्या वस्तीत बोअरला खारं पाणी. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि झाडाला घातलं तर महिन्याभरात पानांच्या कडा करपतात. गोडं पाणी काय ते नळाचं, आणि नळ यायचा पाचव्या दिवशी, सकाळी नऊ ते अकरा. ते पाणी प्यायला, स्वयंपाकाला आणि देवाला. झाडाला गोडं पाणी घालणारी बाई त्या गल्लीत अजून जन्माला यायची होती. गोदाबाईसुद्धा चमकोऱ्याला न्हाणीचं आणि धुण्याभांड्याचं, म्हणजे बोअरचंच पाणी सोडायची. तरी तो डोलत होता.

"तुमच्या हातातच काई तरी हाय बाई," शेजारची सुंदराबाई म्हणायची.

"हातात काय असते व. शेणखत टाकते," गोदाबाई म्हणायची, आणि तिचा तो दिवस छान जायचा.

खरं सांगायचं तर तिलाही ते पटलं होतं. माळ्याची लेक, माळ्याची सून, चाळीस वर्षं बाजारात भाजी विकलेली बाई. आपल्या हाताला गुण आहे असं तिला वाटलं तर तिचं काय चुकलं? शिवाय त्या दिवसांत तिच्याबद्दल चांगलं बोलणारं दुसरं कोणी उरलंही नव्हतं.

भिंतीच्या पलीकडे तिचा धाकटा दीर भगवंत आणि त्याची बायको साधना राहायची. गोदाबाई लग्न होऊन या घरात आली तेव्हा भगवंत दहा वर्षांचा होता. त्याचं नाक पुसायलाही वहिनीच लागायची. म्हणून ती त्याला भाऊजी वगैरे न म्हणता सरळ नावाने हाक मारायची. तिला स्वतःला मूल झालं नाही. भगवंतला रागिणी झाली, तीच तिचीही लेक झाली. साधना नवऱ्याबरोबर मळ्यात जायची आणि रागिणी गोदाबाईच्या, म्हणजे तिच्या 'मोठी आई'च्या, मांडीवर वाढायची. त्या पोरीची पहिली अंघोळ गोदाबाईने घातली होती आणि लग्नातली हळदही तिनेच लावली होती.

सहा वर्षांपूर्वी गोदाबाईचा नवरा चंद्रभान गेला. पुढे कोणाला बोलायला जागा नको, म्हणून सगळ्यांच्या विचाराने घराचे दोन भाग झाले. भांडण असं काहीच नव्हतं. अंगणात भिंत उभी राहिली, तीसुद्धा छातीएवढीच. नळाचं कनेक्शन मात्र एकच राहिलं. रस्त्यावरून पाईप गोदाबाईच्या अंगणात यायचा आणि तिथे त्याला दोन फाटे फुटायचे. एक तिच्या टाकीला जायचा. दुसरा भिंतीच्या पायाशी, जमिनीखालून भगवंतच्या अंगणात जायचा. हा दुसरा फाटा भगवंतने स्वतःच्या हाताने टाकला होता, मळ्यात उरलेल्या प्लॅस्टिकच्या पाईपांचे तुकडे जोडून. त्याला पाणी सोडा-बंद करायचा एक कॉक होता, आणि तो होता गोदाबाईच्या अंगणात. पुढचं सगळं दुखणं त्या कॉकचं.

दिवाळीनंतर भगवंतकडचा नळ बारीक झाला. आधी करंगळीएवढी धार पडायची, मग दोऱ्याएवढी. इकडे गोदाबाईची टाकी मात्र तासाभरात भरून वाहायची. साधना आधी हसत बोलली, मग न हसता बोलू लागली.

"कॉक पुरा खुलते ना बाई?"

"पुराच खुला हाय. ये, पाहून घे."

साधना पाहायला आली नाही. पाहून घेतलं असतं तर संशय कुठे ठेवायचा? पण तिलाही बोल लावता येत नाही. दोन गल्ल्या पलीकडून महिनोन्महिने डोक्यावर पाणी वाहणाऱ्या बाईच्या तोंडात गोड बोलणं राहत नाही.

होळी झाली आणि पुढच्या नळाच्या दिवशी साधनाची घागर दोन तासांत अर्धीच भरली. ती भिंतीशी आली आणि चार बाया ऐकतील अशा आवाजात म्हणाली, "पाणी येऊनच नाई राहिलं इकडे. तिकडेच ठेवून घेऊन राहिले."

गोदाबाई धुणं टाकून उठली. ओले हात तिने तसेच भिंतीवर ठेवले.

"साधना, म्या कॉकले हात लावला असन, का तुमच्या वाट्याचा एक थेंब माह्या इकडे आला असन, तं तुमच्या घरच्या पाण्याले मी जन्मात तोंड लावणार नाई. अन् काय ते खरं निघेपर्यंत आजपासूनच लावत नाई."

भगवंत तिकडे ओट्यावर बसला होता. त्याने मान वर केली नाही. साधनाच्या बोलण्यापेक्षा गोदाबाईला ते जास्त लागलं.

एखाद्या घरचं पाणी सोडणं ही काही साधी गोष्ट नाही. पाणी घ्यायचं नाही तर त्या घरी बसायला जायचं नाही, आणि बसायला जायचं नाही तर सुखदुःखाला तरी कोणत्या तोंडाने जायचं? अडीच महिने गोदाबाईने भिंत ओलांडली नाही. साधनानेही ये म्हटलं नाही. छातीएवढी भिंत होती ती, पण दोन्हीकडची माणसं तिच्याखाली वाकून कामं करायला शिकली.

आणि मग अमरावतीहून रागिणीचा फोन आला. तिचं सासर तिथलं. तिला सातवा महिना लागला होता.

"मोठी आई, शुक्रवारी येऊन राहिली मी. बाळंतपण होईपर्यंत आता तिथंच."

"ये बाप्पा, ये."

"तुमीच पायजे माह्याजवळ. मायले रक्त पाहून चक्कर येते, तुमाले मालूमच हाय. अन् मले चमकोऱ्याच्या वड्या पायजेत. रोज सपनात येऊन राहिल्या."

"करीन नं."

"मोठी आई, माय म्हणे तुमी आपल्या घरी येतच नाई आता. काहून?"

"तू ये तं आधी," एवढंच गोदाबाई म्हणाली.

फोन ठेवून ती तिथेच बसून राहिली. भिंतीपलीकडे रागिणी कळा सोसणार आणि आपण अलीकडे बसून ऐकत राहणार, हे चित्र तिच्या डोळ्यांपुढून हलेना. शपथ घेताना तिला साधना दिसली होती. रागिणी दिसली नव्हती. रागाच्या भरात माणसाला नेमकं तेच दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी सुंदराबाई तणतणत आली. तीन आठवड्यांपूर्वी तिने हट्ट करून चमकोऱ्याचा कंद मागून नेला होता, आणि गोदाबाईने स्वतः जाऊन तो तिच्या अंगणात लावून दिला होता. वर आपल्याकडचं शेणखतही घातलं होतं.

"चला, पाहा काय हाल झाले त्याचे. तुमच्या हातानं लावला म्हणून मी गल्लीभर सांगत फिरली."

गोदाबाईने जाऊन पाहिलं. दोन पानं फुटली होती, आणि दोन्हींच्या कडा जळक्या पापडासारख्या तांबूस होऊन मुरडल्या होत्या. खाऱ्या पाण्याचंच लक्षण ते, दुसरं काही नाही.

घरी येऊन तिने आपल्या चमकोऱ्याकडे पहिल्यांदा माळणीच्या नजरेने पाहिलं. इतके दिवस ती कौतुकाच्या नजरेने पाहत होती, आणि त्या नजरेला काही दिसत नसतं. माती तीच होती, खत तेच होतं, लावणारा हात तोच होता. बोअरचं पाणीही तेच खारं. मग तिथला जळतो आणि इथला डोलतो, तो का? झाडं सगळी सारखी नाहीत, हेही आता तिच्या लक्षात आलं. न्हाणीजवळची, जिथे ती पाणी सोडायची, ती खुरटी होती. भिंतीजवळची सगळ्यात दांडगी होती. आणि भिंतीजवळून काय जातं ते तिला चांगलं ठाऊक होतं.



दुपारी गल्ली निजली तेव्हा तिने खुरपं घेतलं. वरची माती विटेसारखी कडक होती, पण वीतभर खाली ती खुरप्याला चिकटू लागली. नळ पाचव्या दिवशी दोनच तास, पण काळी माती तेवढ्यात पोटभर पिऊन घेते आणि पाच दिवस झाडाला पुरवत राहते. हातभर खाली पाईप लागला. चमकोऱ्याची पांढरी मुळं एका जागी त्याच्याभोवती गच्च गुंडाळली होती. तिने ती सोडवली, तेव्हा आत जोड होता. मुळांनी शिरून शिरून दोन तुकड्यांमध्ये नख जाईल एवढी फट पाडली होती.

तो जोड कोणाचा ते तिला कोणी सांगायची गरज नव्हती. मळ्यात पाईप जोडायची एक रीत आहे. पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, पेटवायच्या, जाळावर पाईपचं टोक फिरवत तापवायचं, ते मऊ पडलं की दुसरं टोक सोल्युशन, म्हणजे पाईप चिकटवायचा रस, लावून आत दाबायचं, आणि वरून ओल्या गोणपाटाने आवळून धरायचं. दुकानातलं कपलिंग, म्हणजे जोडाची तयार नळी, लागत नाही. गोणपाटाची वीण प्लॅस्टिकवर उमटते. आणि भगवंतला सवय अशी की आवळताना तो डावा अंगठा जोरात दाबायचा. त्याच्या प्रत्येक जोडावर अंगठ्याएवढा खळगा असायचा. चंद्रभान चिडवायचा, "झाली का सही?"

खळगा इथेही होता. गोदाबाईने त्यात साचलेला चिखल बोटाने काढला आणि तिला तो दिवस आठवला. भिंत उभी राहिली त्याच दिवशी भगवंतने हा पाईप टाकला होता. दुसरं टोक तिने धरलं होतं. सोल्युशनचा डबा उघडला तर आत सगळं वाळून गेलेलं. "राहू द्या, चालते," म्हणून त्याने जोड कोरडाच दाबला. तो रडत होता. भाऊ जाऊन तीन महिने झाले होते, पुढ्यात ओली भिंत होती, आणि त्याला तिथे उभं राहवत नव्हतं. कसंतरी उरकून त्याला पळायचं होतं. "धूर गेला डोयात," तो म्हणाला होता. तिने हो म्हटलं होतं.

आता हा जोड उचलून साधनाच्या पुढ्यात नेऊन टाकायचा, की झालं. सहा महिन्यांचं बोलणं एका दमात फिटलं असतं. गोदाबाईच्या मनात ते आलं नाही असं नाही. चांगलं दोनदा आलं. पण जोड दाखवायचा म्हणजे तो दिवस दाखवायचा. साधनाने विचारलं असतं, पाईप जोडण्यात गल्लीत नाव असलेल्या माणसाने हा असा जोड कसा केला? आणि त्याचं उत्तर फक्त गोदाबाईजवळ होतं. ते तिने सहा वर्षं कोणाला दिलं नव्हतं.

शिवाय दुसरंही होतंच. कॉकला तिने हात लावला नव्हता, हे खरं. पण थेंब आला होता. एक नाही, टाकीभर आला होता, आणि तिने त्याच्या भाज्या करून खाल्ल्या होत्या. शपथ तिच्याच अंगणात, तिच्याच डोळ्यांदेखत मोडून पडली होती. गोदाबाई खड्ड्याच्या काठावर बसली आणि तिला रडू आलं.

मग तिने डोळे पुसले आणि तिला वाटलं, आपणच गुपचूप नीट करून टाकू. तिकडचा नळ मोठा झाला की साधनाचं तोंड आपोआप बंद होईल. शपथेचं काय करायचं ते देव आणि आपण बघून घेऊ. कोपऱ्यातल्या दुकानातून तिने सोल्युशनचा लहान डबा आणला. चंद्रभानच्या सायकलची जुनी ट्यूब होती, तिची लांब पट्टी कापली. जोड दोन्हीकडून दाबून बसवला, वरून सोल्युशन मलमासारखं चोपडलं, ट्यूबची पट्टी ओढून ओढून गुंडाळली आणि खड्डा बुजवला. मळ्यात अशा पट्टीवर हंगाम निघतो, म्हणून तिला खात्री होती.

पण मळ्यातलं पाणी चालत येतं आणि नळाचं धावत येतं. शिवाय सोल्युशन लावायचं ते आतून, पाईप पुसून कोरडा करून. ओल्या पाईपला बाहेरून चोपडलं तर ते नुसतंच सुकतं, धरत नाही. हे भगवंतला माहीत होतं. त्यालाच विचारायची सोय नव्हती.

शुक्रवार उजाडला. नळाचाही दिवस तोच. रागिणी अमरावतीहून सकाळच्या बसने निघाल्याचा निरोप होता. गोदाबाईने वड्यांसाठी बेसन, तीळ, चिंच काढून ठेवलं. नऊ वाजता रस्त्यावरून पाणी आल्याचा खळखळाट झाला. तिने कॉक पुरा उघडला आणि भिंतीजवळच्या मातीकडे बघत उभी राहिली. थोडा वेळ काही झालं नाही. ती श्वास सोडणार, तेवढ्यात माती फुगली, फाटली, आणि चमकोऱ्याच्या मधोमध पुरुषभर उंच फवारा उडाला. ट्यूबची पट्टी सुटून वर भिंतीवर जाऊन पडली.

पलीकडून साधनाचा आवाज आला, "आज तं नुसती हवाच येऊन राहिली." मग तिचं डोकं भिंतीवर आलं. तिने फवारा पाहिला. उकरलेली ताजी माती पाहिली, आणि सोल्युशनचा डबाही पाहिला.

"अवो, या इकडे," ती नवऱ्याला म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "पाईप फोडून घेतला बाईनं. आपल्या डोयानं पाहून घ्या."

भगवंत फाटकातून आला, मागून साधना आली. अडीच महिन्यांनी दोघं या अंगणात पाय ठेवत होती. गोदाबाईने कॉक बंद केला. तिची साडी चिखलाने माखली होती.

"तुही गोष्ट खरी निघाली साधना," ती म्हणाली. "पाणी माह्या इकडेच येत होतं. चमकोऱ्याले."

"पाह्यलं?" साधना नवऱ्याला म्हणाली. पण जिंकल्याचा आनंद तिच्या तोंडावर दिसला नाही. ती खाली ओट्यावर बसली. "पोरगी येऊन राहिली आज. तिले प्याले पाणी नाई घरात. पाच दिवस आता कोठून आणू मी?"

"माह्या टाकीतलं घे."

"नको. तुमी आमचं पेत नाई, मंग आमी तुमचं काहून घ्यावं?"

भगवंत पालथा झोपला आणि त्याने खांद्यापर्यंत हात चिखलात घातला. चाचपताना तो मध्येच थांबला. हात बाहेर काढला नाही, आणि पुढेही नेला नाही. गोदाबाईला कळलं की त्याचा अंगठा कुठे जाऊन बसला आहे.

मग तो उठला आणि त्याने साधनाला एवढंच सांगितलं, "घरून आरी आण. अन् माडीवरचा पाईपचा तुकडा." स्वतः कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन दोन कपलिंगं आणि पॉलिश पेपर घेऊन आला. खड्डा त्याने आणि गोदाबाईने उपसून रिकामा केला. त्याने जोडाच्या दोन्ही बाजूंनी पाईप कापला, आणि जुना तुकडा काठावर ठेवला. गोदाबाईने तो उचलून पदराखाली घेतला.

सहा वर्षांपूर्वीसारखंच तिने दुसरं टोक धरलं. यावेळी भगवंतने घाई केली नाही. टोकं फडक्याने पुसली, पॉलिश पेपरने घासली, पुन्हा पुसली. आतबाहेर सोल्युशनचा हात फिरवला, कपलिंग दाबलं, किंचित पिळलं आणि मनात तीस आकडे मोजत धरून ठेवलं. दुसऱ्या टोकालाही तसंच केलं. तोवर पावणेदहा झाले होते.

"खोला आता कॉक," साधना म्हणाली. "अकराले पाणी जाते."

"तासभर कोनी हात लावू नका. आता खोललं तं पुन्हा सुटन."

"म्हणजे पंधरा मिनिटं पाणी भेटन आपल्याले."

"पंधरा मिनिटं, पण पुरं भेटन."

तिघंही तिथेच बसली. ऊन अंगणात उतरत आलं. गोदाबाईला रिकामं बसवेना, म्हणून ती पाण्याने आडवी झालेली चमकोऱ्याची पानं कापून जुडी बांधू लागली. याला आता गोडं पाणी मिळणार नाही, आठ दिवसांत कडा करपतील, तेव्हा आजच्या वड्या करून घेतलेल्या बऱ्या. साधना तिच्याकडे बघत होती.

"शपथ घेतली होती बाईनं," ती शेवटी म्हणाली. तिचा राग ओसरला होता, नुसतं दुःख उरलं होतं. "थेंब आला असन तं म्हणे तोंड लावणार नाई. आता कशा येतीन त्या बाळंतपणाले? रागिणीले काय सांगू मी?"

गोदाबाईचे हात थांबले. तिच्याही मनात सकाळपासून तेच चाललं होतं.

"वयनी," भगवंत म्हणाला, "तो तुकडा द्या."

"कोणता?"

"पदराखाली हाय तो."

"राहू दे नं बाप्पा. कचरा हाय."

त्याने हात पुढे केलेलाच ठेवला. नाइलाजाने तिने तुकडा दिला. भगवंतने तो साधनाच्या पुढे धरला आणि डावा अंगठा खळग्यात ठेवला. अंगठा बरोब्बर बसला.

"हे पाह्य. कोनाचा हाय हा जोड?"

साधना बघत राहिली.

"सोल्युशन नव्हतं त्या दिवशी. म्या म्हणलं चालते, अन् कोरडाच दाबला. मले थांबवत नव्हतं इथं. दादा गेला, अन् म्या आपल्या हातानं त्याच्या अंगणात भिंत घातली." त्याने वहिनीकडे बोट केलं. "वयनीले मालूम होतं. त्याइनं पाह्यलं होतं मले रडताना. आज हा तुकडा दाखवून तुह्यं तोंड बंद करता आलं असतं त्याइले. तं त्याइनं पदराखाली लपवला. अन् मी सहा म्हैने मान खाली घालून बसलो."

साधनाने पदर डोळ्यांना लावला. मग ती उठली, गोदाबाईजवळ येऊन बसली, आणि तिच्या हातातली अर्धी पानं काढून घेऊन त्यांच्या शिरा सोलायला लागली.

रिक्षा फाटकाशी थांबली तेव्हा तास भरत आला होता. रागिणी कमरेला हात देत उतरली. अंगणभर चिखल, बाप चिखलात, आई आणि मोठी आई एका ओट्यावर पानं सोलत बसलेल्या. तिने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"काय करून राहिले तुमी सारे?"

"तुह्या वड्याची तयारी," साधना म्हणाली.

भगवंतने कॉक हळूहळू उघडला. कपलिंगावर हात ठेवून तो बराच वेळ बसून राहिला. हात कोरडा होता. मग तो उठून भिंतीपलीकडे गेला, आणि पलीकडून जाड धारेचा आवाज आला. दिवाळीपासून त्या अंगणात असा आवाज झाला नव्हता. रागिणीलाही तो कळला.

"पहिलं पाणी सोडून द्या," साधना इकडून म्हणाली. "सोल्युशनचा वास मारन."

पण भगवंत पेला भरून भिंतीशी आलाच होता. त्याने तो भिंतीवरून पुढे केला.

"घ्या वयनी."

गोदाबाई उठली, पण तिने हात पुढे केला नाही. "शपथ हाय माही. थेंब तं आला होता, भगवंता. नाई कसं म्हणू?"

"तुमी घेतला नाई वयनी. म्या सांडला."

पेला तसाच भिंतीवर होता. कडेवरून दोन थेंब ओघळून विटेवर पडले. रागिणी मोठी आईकडे बघत होती, एक हात पोटावर ठेवून.

गोदाबाईने चिखलाचा हात साडीला पुसला आणि पेला घेतला. पाण्याला सोल्युशनचा उग्र वास होता. ती न थांबता शेवटपर्यंत प्याली, आणि रिकामा पेला साधनाच्या हातात देत म्हणाली, "अजून एक आण."